भाजणं आणि जाळणं

"सर, ही जमीन तर सोनं आहे," असं मी म्हणाले, तेव्हा मला माती परीक्षण प्रयोगशाळेत लागून तीन आठवडे झाले होते.

जमीन मराठवाड्यातली, काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. नेहमीच्या पद्धतीने तिच्यात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या आसपास निघाला होता, म्हणजे कमीच. पण त्या दिवशी मफल भट्टी रिकामी होती आणि मला हौस होती. तीच माती मी १०५ अंशांवर रात्रभर वाळवली, तोलली, क्रुसिबलमध्ये घालून ५५० अंशांवर चार तास ठेवली, डेसिकेटरमध्ये गार करून पुन्हा तोलली. जवळजवळ आठ टक्के वजन उडालं होतं. उडालं ते जळालं, जळालं ते सेंद्रिय, असा माझा सरळ हिशेब.

सरांनी वहीवर नजर टाकली. "पाणी मोजलंस."

"वाळवली होती सर, १०५ला."

"हे पाणी तुझ्या ओव्हनला दाद देत नाही."

काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या स्फटिकांत पाणी असतं, पण ते ओलं पाणी नव्हे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन त्या रचनेतच बांधलेले असतात आणि चारशे-पाचशे अंशांपुढे ते पाणी होऊन निघून जातात. चुनखडी असेल तर आणखी वरच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइड निघतो. तराजूला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त वजन गेलेलं कळतं. काय गेलं ते आपण ठरवतो, आणि मी ते न विचारता ठरवलं होतं.

रोजचं काम भट्टीचं नव्हतंच. ते वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ सालच्या पद्धतीने चालायचं. एक ग्रॅम माती, दहा मिलिलीटर डायक्रोमेट, वीस मिलिलीटर सल्फ्युरिक आम्ल. बाहेरून उष्णता द्यायची नाही. आम्ल मिसळताना जी उष्णता निघते तिच्यावरच भागवायचं. फ्लास्क हातात धरवत नाही इतका तापतो. अर्धा तास थांबायचं, पाणी घालायचं, मग टायट्रेशन. गडद जांभळा-निळा रंग एका थेंबाला लख्ख हिरवा होतो. तो थेंब चुकला की नमुना पुन्हा पहिल्यापासून. पण एवढ्या उष्णतेत मातीतला सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असं धरलेलं आहे, म्हणून उत्तराला १.३ने गुणायचं. त्यावरून सेंद्रिय पदार्थ हवा असेल तर त्यात ५८ टक्के कर्ब असतो असं धरून १.७२४ने गुणायचं. दिवसाला चाळीस नमुने करताना हे गुणाकार हाताला इतके सवयीचे होतात की त्यांच्यामागे दोन अंदाज उभे आहेत हे विसरायला होतं. आठ टक्क्यांच्या त्या फजितीने मला ते विसरू दिलं नाही.

मला मात्र दुसराच प्रश्न छळू लागला. किती, हे मोजता येतं. काय, हे कसं कळायचं? मातीतला तो सेंद्रिय पदार्थ गवताचा, शेणाचा, बुरशीचा की कोळशाचा? कोळशाचा प्रश्न माझ्या घरचाच होता.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. भात हे एकच पीक आणि त्याआधी राब. चैत्र-वैशाखात आजोबा दाढीच्या तुकड्यावर, म्हणजे जिथे रोपं करायची त्या जमिनीवर, थर लावायचे. खाली शेण, त्यावर ऐनाची कवळं, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक केलेल्या मातीचा हात. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग धावत सुटत नाही, पाऊल पाऊल सरकते. लहानपणी मला भडका हवा असायचा. मी काठीने माती उकरायला गेले की ते ओरडायचे, "जाळायची नाय गो, भाजायची!"

या राबावरून आमच्या भागात वादही झालेले आहेत. १८८०च्या दशकात ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात जंगलातली कवळं तोडायला सरकारने आडकाठी केली, तेव्हा शेतकऱ्यांनी मोठी ओरड केली होती. १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर सविस्तर रासायनिक अभ्यास छापला. पुढे पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करणारे मान ते हेच. राबाने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतो, माती भुसभुशीत होऊन आवण उपटताना मुळं तुटत नाहीत, हे आजोबांना कुणी छापून सांगायची गरज नव्हती. पण भाजणं आणि जाळणं यांतला फरक मला समजायला नेदरलँड्सला जावं लागलं.

तिथे मी पीएच.डी.साठी गेले. नेदरलँड्सच का, तर हा विषय तिथे रुजलेला आहे. हेंक मेझलार यांनी अॅमस्टरडॅमला नमुना क्षणात तापवून त्याच्या वाफांचा वस्तुमान वर्णपट घेण्याचं तंत्र घडवलं. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा १९८२चा अॅटलास आमच्या प्रयोगशाळेच्या फळीवर होता, कडा मळलेला. देशही असा की अर्धा इतिहास पीट खणण्यात गेला. पीट म्हणजे दलदलीत न कुजता साठलेली वनस्पती. वाळवली की जळण. माझे पहिले नमुने पीटचेच होते.

तंत्राचं नाव पायरोलिसिस. प्राणवायू नाही, फक्त उष्णता. आजोबांचं भाजणं ते हेच. आजीच्या चुलीपाशी ज्याने फुंकणी धरली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ओलसर लाकूड नुसतं धुमसत असतं, धूर डोळ्यांत जातो, आणि फुंकर बसली की तो धूरच भप्पकन पेटतो. ज्वाला लाकडापासून बोटभर वर उभी असते. जळतो तो धूर. लाकूड खाली भाजत असतं, मोडत असतं, धूर पुरवत असतं. पायरोलिसिसमध्ये आम्ही एवढंच करतो की तो धूर पेटू देत नाही. हीलियमच्या प्रवाहात तो पकडतो आणि त्यात काय काय आहे ते एकेक करून वाचतो.

प्रत्यक्षात हे फार छोट्या प्रमाणावर चालतं. बारीक चिमट्याने क्वार्ट्झची नळी धरायची. लांबी काडेपेटीतल्या काडीहून कमी, दोन्ही टोकं उघडी. आत आधी क्वार्ट्झच्या लोकरीचा बोळा, मग नमुना, मग दुसरा बोळा. पाला असेल तर मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा पुरतो. कोकणातल्या मातीसारखी गरीब माती असेल तर पाच मिलिग्रॅम. श्वास जरा जोरात सोडला तरी तराजूचा शेवटचा आकडा हलतो. ही नळी प्लॅटिनमच्या वेटोळ्यात सरकवायची, दार बंद, आणि ६०० अंश. वीस सेकंदांत खेळ संपतो. त्यातून निघालेली वाफ तीस मीटर लांबीच्या, केसासारख्या पोकळीच्या कॉलममधून जाते. हलके रेणू आधी बाहेर, जड मागाहून. टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकावर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्याचे आणखी तुकडे करतो आणि तुकड्यांची वजनं लिहितो. म्हणजे मोडतोड दोनदा: एकदा उष्णतेने, एकदा इलेक्ट्रॉनने. या दुहेरी भंगारावरून मूळ घर कसं होतं ते सांगायचं, हे आमचं काम.

सवय झाली की तुकडे ओळखीचे होतात. ६० आणि ७३ ही वजनं ठळक दिसली की लेव्होग्लुकोसॅन, म्हणजे सेल्युलोज, ताजी वनस्पती. लाकडाच्या धुराचा माग घ्यायला हवेत आणि ध्रुवीय बर्फातसुद्धा हाच रेणू शोधतात. ५९ म्हणजे अॅसिटामाइड, बुरशी आणि कीटकांच्या कवचातल्या कायटिनकडे बोट. ११७चं इंडोल म्हणजे प्रथिनं. अल्कीन-अल्केनच्या जोड्या बैलजोडीसारख्या एकामागून एक निघतात, त्या मेणाच्या आणि चरबीच्या. १२४ आणि १०९ म्हणजे ग्वायकॉल, लाकडाच्या लिग्निनचा तुकडा. त्याच्या बाटलीचं बूच मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा खोलीत आमच्या स्वयंपाकघराच्या कौलांचा वास आला. पावसाळ्यात त्या कौलांना यायचा तोच.

आणि टोल्युइन. टोल्युइन सगळीकडे असतो. त्यानेच माझा घात केला.

दुसऱ्या वर्षी सुट्टीत गावी आले तेव्हा मी आजोबांच्या जमिनीतून तीन नमुने घेतले: पिढ्यान्‌पिढ्या भाजलेल्या दाढीतून, शेजारच्या कधी न भाजलेल्या खाचरातून, आणि बांधाच्या वरच्या गवताळ माळातून. युरोपच्या बाहेरची माती आत न्यायला खास परवाना लागतो. मातीपेक्षा कागदांचंच वजन जास्त झालं. मला दाखवायचं होतं की राबाचा कोळसा अजून मातीत आहे. कोळशाचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेली कड्यांची जाळी. त्याला ताप दिला की बेंझीन, नॅप्थलीन (जुन्या डांबरगोळ्यांतलं), बेंझोनायट्राइल असे तुकडे निघतात. दाढीच्या मातीत ते निघाले. भरपूर निघाले. टोल्युइन, अल्किलबेंझीन यांची रांगच उभी राहिली. मी रंगीत आलेख काढले आणि गटाच्या बैठकीत मांडले.

आमच्या प्रमुख बाई सावकाश बोलायच्या. त्यांनी विचारलं, "माळाचा नमुना कुठे आहे?"

तो मी घेतला होता, पण शेवटच्या पानावर. त्यातही टोल्युइन आणि अल्किलबेंझीन होते. दाढीपेक्षा कमी, पण होते. नॅप्थलीनसुद्धा, पुसटसं. माळ कुणी कधी भाजला नव्हता.

"मग हे कोणी बनवलं?" बाई म्हणाल्या. "तुझ्या आजोबांनी, की तू?"

आमच्या क्षेत्रातली ही जुनी जखम आहे, आणि ती मला माहीत होती. वाचलेली होती, लागली नव्हती. १७८६ मध्ये आखार्ड यांनी पीट अल्कलीत घालून काळा द्रव काढला, तेव्हापासून दोनशे वर्षं रसायनज्ञ मातीत 'ह्युमिक आम्ल' नावाचा एक प्रचंड गुंतागुंतीचा रेणू शोधत राहिले. १९९३ मध्ये शुल्टेन आणि श्निट्झर यांनी त्याचं चित्र काढलं, बरंचसं पायरोलिसिसच्या पुराव्यावर: बेंझीनची कडी, त्यांना जोडणाऱ्या लांब कर्बसाखळ्या. अल्किलबेंझीन हा त्या चित्राचा कणा होता. पुढच्याच वर्षी सेव्हिलचे साइझ-हिमेनेझ यांनी बजावलं की असंतृप्त मेदाम्लं तापवली की तीच वाकून, जुळून अल्किलबेंझीन देतात. म्हणजे जे मातीत सापडलं असं वाटलं ते भट्टीत जन्मलं असू शकतं. २०१५ मध्ये लेमन आणि क्लेबर यांनी 'नेचर'मध्ये त्याहून पुढचं मांडलं: तो अल्कलीने काढलेला महारेणूच मातीत नसतो, मातीत असतात ते कुजण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे, खनिजांना चिकटलेले साधेच रेणू.

त्या दिवशी जेवताना एका सहकाऱ्याने व्हायकिंगची गोष्ट काढली. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळावरची माती ५०० अंशांपर्यंत तापवली, त्यातून निघालेले वायू आमच्यासारख्याच यंत्रातून वाचले. निघाले ते क्लोरीन असलेले दोन साधे रेणू. ते पृथ्वीवरून नेलेल्या सफाईच्या द्रवाचे अवशेष असणार असं म्हणून मंगळावर सेंद्रिय काही नाही असा निष्कर्ष निघाला. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट सापडलं. २०१० मध्ये नावारो-गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी आटाकामा वाळवंटातल्या मातीत परक्लोरेट घालून ती तापवली, तेव्हा सेंद्रिय पदार्थ नष्ट होऊन तेच क्लोरीनचे रेणू निघाले. सेंद्रिय पदार्थ असलेच, तर त्यांचा शोध घेणाऱ्या उष्णतेनेच त्यांना संपवलं असणार. "तू एकटी नाहीस," सहकारी म्हणाला. माझा गैरसमज सहाशे अंशांचा, नासाचा पाचशेचा, एवढंच सांत्वन.

मग मी काम पुन्हा सुरू केलं, यावेळी उलट्या टोकाने. आधी रिकाम्या नळ्या तापवल्या. त्यातही आदल्या नमुन्याच्या खुणा मिळाल्या, कारण जड रेणू वाटेतल्या थंड कोपऱ्यात चिकटून बसतात आणि पुढच्या रनला हजेरी लावतात. तेव्हापासून दोन नमुन्यांमध्ये एक ब्लँक, आणि ब्लँक स्वच्छ येईपर्यंत पुढचा नमुना नाही. यात एका नमुन्याचा एक दिवस होऊ लागला. मग कोकणातली माती मफलमध्ये सेंद्रियमुक्त केली आणि तिच्यात ऐनाचा ताजा पाला मोजून मिसळला. या मिश्रणात कोळसा असणं शक्यच नव्हतं. तरीही टोल्युइन वाढला, अल्किलबेंझीन आले आणि नॅप्थलीनचा पुसट पीकही दिसला. जांभ्याच्या मातीतलं लोह उष्णतेत गप्प बसत नाही. रेणूंची कडी जुळवायला ते मदत करतं.

मी खूश झाले, आता समजलं म्हणून. मग लक्षात आलं की हाही पुरावा पूर्ण शुद्ध नाही. मफलमध्ये मातीतला कर्ब जाळताना मी तिच्यातलं लोहच बदलून टाकलं होतं. जांभ्याला पिवळट-तपकिरी रंग देणारं गोएथाइट ३०० अंशांच्या आसपास पाणी सोडून हेमटाइट होतं. माझी भट्टीतली माती लालभडक झाली होती ती त्यामुळेच. म्हणजे तुलनेसाठी मी जी माती बनवली ती आजोबांची माती राहिलीच नव्हती. मराठवाड्याच्या क्रुसिबलमधली चूक मी वेगळ्या खोलीत, महागड्या यंत्रावर, पुन्हा केली होती. आधी विचारायचं ते मागून विचारत होते.

शेवटी जे उरलं ते थोडकंच होतं. टोल्युइन मी पुराव्यातून काढून टाकला. अल्किलबेंझीन काढले. उरलं एक गुणोत्तर: बेंझोनायट्राइल आणि नॅप्थलीन यांचं प्रमाण लिग्निन आणि सेल्युलोजच्या तुकड्यांच्या तुलनेत किती. दाढीच्या मातीत ते माळाहून आणि खाचराहून जास्त होतं, तीनही वेळा. पाल्याच्या मिश्रणात ते त्याच्या जवळपासही गेलं नाही. प्रबंधातल्या त्या प्रकरणाची लांबी चाळीस पानांवरून अकरावर आली. बाईंनी शेवटच्या मसुद्यावर फक्त एक बरोबरची खूण केली.

मराठीत उष्णतेला किती शब्द आहेत हे मी या काळात मोजत बसायचे. शेकणं, भाजणं, परतणं, होरपळणं, करपणं, धुमसणं, जाळणं, पोळणं. पोळी शेकतात, वांगं भाजतात, कांदा परततात. करपलं तर ते कुणीच केलेलं नसतं, झालेलं असतं. प्रत्येक शब्दात किती ताप, किती वेळ आणि किती हवा हे ठरलेलं आहे. माझ्या प्रबंधात 'पायरोलिसिस' हा एकच शब्द तीनशे ठिकाणी आला असेल आणि त्यासमोर प्रत्येक वेळी मला तापमान आणि सेकंद वेगळे लिहावे लागले. 'करपणं' हा शब्द मात्र मला इंग्रजीत कधीच लिहिता आला नाही, आणि खरं तर माझी चूक नेमकी तीच होती: माझ्या भट्टीत करपलेलं मी मातीच्या नावावर टाकत होते.

पदवी घेऊन गावी आले तेव्हा आजोबा पंच्याऐंशीच्या पुढे गेले होते. राब काकाने बंद केला होता; कवळं तोडायला माणसं मिळत नाहीत, तणनाशक सोपं पडतं. आजोबा पडवीत बसून दाढीचा तो तुकडा बघायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, नळीपासून व्हायकिंगपर्यंत. मंगळाच्या गोष्टीत त्यांना फारसा रस नव्हता.

"मंग आपल्या मातीत काय घावलं?"

"कोळसा घावला आजोबा. पण सगळा तुमच्या भाजण्याचा नव्हता. थोडं माझ्या भाजण्याचंही होतं."

ते जरा थांबले. सुपारी कातरत म्हणाले, "मंग तुजं आधी वजा कर. उरंल ते माझं."